नात्यावाचूनचे सुतक

हुसेनसागराच्या काठाने जाणारा रस्ता एरवी सचिवालयाकडे निघालेल्या कारकुनांचा, लुंबिनी पार्कात संध्याकाळ घालवणाऱ्या कुटुंबांचा आणि विसर्जनाला लोटणाऱ्या गणेशमिरवणुकांचा. परंतु ११ फेब्रुवारी २०२३ रोजी याच रस्त्याला दोन्ही अंगांनी कठडे आणि उंच जाळ्या लावून सुमारे २.८ किलोमीटर लांबीचा व १८ वळणांचा शर्यतमार्ग सिद्ध करण्यात आला, आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांची 'फॉर्म्युला ई' ही जागतिक स्पर्धा भारतभूमीवर प्रथमच धावली. फ्रान्सचा जाँ-एरिक व्हेर्न विजयी झाला आणि हैदराबादने, ज्या शहराला घोड्यांच्या शर्यतीची आवड निजामी अमदानीपासून आहे त्या शहराने, वेगाचा हा नवा उत्सव मोठ्या कौतुकाने पाहिला.

या उत्सवाच्या जेमतेम पाच आठवडे आधी, ८ जानेवारी २०२३ रोजी, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर राष्ट्रीय मोटार शर्यतींचा एक टप्पा चालू होता. त्यात सलून गटाच्या स्पर्धेत के. ई. कुमार या ५९ वर्षांच्या जुन्या, जाणत्या चालकाची गाडी दुसऱ्या एका गाडीवर आदळली, मार्ग सोडून घसरत गेली, कुंपणावर धडकली आणि छपरावर उलटली. लाल निशाण फडकले, शर्यत तत्काळ थांबली, काही मिनिटांत कुमारांना बाहेर काढून इस्पितळात नेण्यात आले. पण वैद्यांच्या प्रयत्नांना यश आले नाही. कुमार हे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचे आजीव सभासद होते. स्पर्धेची सूत्रे सांभाळणारे विकी चांडोक हे त्यांचे कित्येक दशकांचे स्नेही आणि प्रतिस्पर्धीही होते. त्या दिवसाच्या उरलेल्या शर्यती कुमारांच्या स्मृतीला मान देऊन रद्द झाल्या, आणि अपघाताची चौकशी सुरू करण्यात आली. वर्तमानपत्रांत दोन दिवस त्रोटक बातम्या आल्या आणि पुढे देशाचे लक्ष दुसरीकडे वळले. ज्यांचे वळले नाही ते कुमारांचे आप्त, त्यांचे सहस्पर्धी, आणि वर्षानुवर्षे रविवारच्या उन्हात त्या कठड्याशी उभे राहून शर्यती पाहणारे मूठभर चाहते. या लेखाचा विषय हे शेवटचे लोक आहेत.

आपल्या शास्त्राने सुतक हे नात्याच्या अंतरावरून ठरवून दिले: सपिंडाला किती दिवस, सोयऱ्याला किती, याचे कोष्टकच आहे. ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही, ज्याच्या घरचे पाणी आपण प्यालो नाही, ज्याला आपले नावही ठाऊक नव्हते, अशा माणसासाठी शोक करण्याची तरतूद त्या कोष्टकात नाही, आणि म्हणून शर्यतपटूच्या मृत्यूने जो व्याकूळ होतो त्याला घरातली वडीलधारी मंडळी सहज विचारतात, "तो तुझा कोण लागत होता?" हैदराबादच्या माणसाला मात्र हा प्रश्न तितकासा अवघड वाटू नये. मोहरमच्या दहाव्या दिवशी दबीरपुऱ्यातून शोकयात्रेत हत्तीवर निघणारा बीबीचा आलम चादरघाटाकडे जाताना या शहराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. धर्मश्रद्धेतून उगवणारा तो शोक आणि क्रीडांगणावरचा शोक यांची पातळी एक नव्हे, आणि ती एक मानणे औचित्याला सोडून होईल. पण न पाहिलेल्या माणसासाठी ढाळलेले अश्रू खोटे नसतात, ही गोष्ट या शहराला कोणी नव्याने शिकवावी लागत नाही.

शर्यतपटू आणि त्याचा चाहता यांच्या नात्याचे स्वरूपच निराळे आहे. नटाचा चेहरा आपण पाहतो, गवयाचा स्वर ऐकतो, क्रिकेटपटूचे हावभाव दुर्बिणीतून न्याहाळतो. शर्यतपटूचा चेहरा मात्र सर्व वेळ हेल्मेटाखाली झाकलेला असतो, म्हणून ते हेल्मेटच त्याचा चेहरा होऊन बसते. ब्राझीलच्या आयर्टन सेनाचे पिवळे, हिरव्या-निळ्या पट्ट्यांचे हेल्मेट जगाच्या पाठीवर कोठेही त्याचे म्हणून ओळखले जाई. शिवाय प्रेक्षक एका वळणाशी खिळलेला आणि चालक सगळ्या मार्गावर फिरणारा, त्यामुळे प्रत्येक फेरीत तो क्षणभर दिसतो, नाहीसा होतो आणि मिनिट-दीड मिनिटाने पुन्हा दिसतो. त्या मिनिट-दीड मिनिटाचा हिशेब चाहत्याच्या छातीत आपोआप चालू असतो. ज्या फेरीत गाडी वेळेवर येत नाही, ध्वनिक्षेपकावरचे निवेदन अडखळते, लाल निशाण दिसते आणि मार्शल मंडळी अपघाताच्या जागेभोवती कापडी पडदे धरून उभी राहतात, त्या फेरीत बातमी कळण्यापूर्वीच शोकाला आरंभ झालेला असतो. या शोकाला अपराधाचीही एक छटा असते. आपण पाहायला आलो म्हणून तो धावला, आपण वेगाला टाळी दिली म्हणून वेग वाढला, हा विचार संवेदनशील चाहत्याला रात्रभर झोपू देत नाही. आणि माझ्या मते तो विचार झटकून टाकण्याजोगा नाही, कारण या शोकातील सर्वांत मौल्यवान अंश तोच आहे.

या शोकाचा सर्वांत मोठा दाखला १९९४ सालचा. इटलीतील इमोला येथे ३० एप्रिल रोजी पात्रताफेरीत ऑस्ट्रियाचा रोलंड रॅट्झनबर्गर मृत्यू पावला, आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, मुख्य शर्यतीच्या सातव्या फेरीत टॅम्बुरेलो नावाच्या वेगवान वळणावर आयर्टन सेनाची गाडी सरळ भिंतीवर जाऊन आदळली. सेना ३४ वर्षांचा होता. तीनदा जगज्जेता, ४१ शर्यतींचा विजेता. ब्राझील सरकारने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, साओ पावलोच्या विधानसभा-भवनात त्याचा देह अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आला, आणि त्या शहराच्या रस्त्यांवर लाखो लोक तासन्‌तास उभे राहिले. त्याच वर्षी जुलैत ब्राझीलने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला तेव्हा खेळाडूंनी तो विजय मैदानातच त्याच्या स्मृतीला वाहिला.

पण रॅट्झनबर्गरचे काय? तो ३३ वर्षांचा होता, अनेक वर्षे धडपडून त्याच मोसमात फॉर्म्युला वन या सर्वोच्च श्रेणीत पोहोचला होता, आणि सिमटेक या लहानशा संघाकडून गाडी चालवत होता. जगाच्या डोळ्यांत एका मृत्यूपुरतेच पाणी होते आणि ते सेनाच्या वाट्याला गेले. जागतिक मोटार संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स मोस्ली सेनाच्या अंत्यविधीला न जाता साल्झबुर्ग येथे रॅट्झनबर्गरच्या अंत्यविधीला उपस्थित राहिले, ते याच जाणिवेने. आणि स्वतः सेनाच्या मनात तरी हा भेदभाव नव्हता: त्याच्या मोडलेल्या गाडीत ऑस्ट्रियाचा ध्वज सापडला. शर्यत संपताच तो फडकवून रॅट्झनबर्गरला मानवंदना देण्याचा त्याचा मानस होता, असे त्याचे निकटवर्ती सांगतात. चाहत्याच्या शोकाची पहिली कसोटी मला येथे दिसते. नामवंतासाठी रडणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच मार्गावर, त्याच धोक्यात, कीर्तीवाचून गेलेल्या माणसाचे नाव जो विसरत नाही, त्याचाच शोक पुरा होतो. आपले कुमार त्या ऑस्ट्रियन तरुणाच्या पंक्तीतले होते.

दुसरी कसोटी शोकानंतरच्या कृतीची. इमोलानंतर शोक केवळ फुलांच्या राशीत विरून गेला नाही. दोनच आठवड्यांनी मोनाको येथे चालकांनी आपली जुनी संघटना पुन्हा उभी केली. सिड वॉटकिन्स या नामांकित मेंदूशल्यविशारदाच्या अध्यक्षतेखाली सुरक्षिततेचा विचार करणारी तज्ज्ञांची समिती नेमली गेली. टॅम्बुरेलो वळणाचा आकार बदलून त्याचा वेग मोडण्यात आला. आणि इटलीच्या न्यायालयांत या अपघाताच्या कारणांवर दीर्घकाळ खटला चालला. या सर्व खटाटोपाचे फळ असे की, त्यानंतर वीस वर्षे फॉर्म्युला वनच्या स्पर्धेत एकही चालक दगावला नाही. ती मालिका ५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमध्ये सुझुका येथे खंडित झाली. पावसात ज्यूल बियांकीची गाडी घसरून, दुसरी गाडी उचलायला आलेल्या यंत्रावर आदळली, आणि नऊ महिने बेशुद्धावस्थेत काढून १७ जुलै २०१५ रोजी त्याने प्राण सोडला. त्याचा १७ हा क्रमांक निवृत्त करण्यात आला; धोक्याच्या प्रसंगी सर्वच गाड्यांचा वेग एकदम नियंत्रित करण्याची पद्धत अंमलात आली; आणि या व अशा इतर अपघातांच्या अभ्यासातून चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमची मजबूत कमान बसवण्याचा निर्णय २०१८ पासून लागू झाला. 'हेलो' नावाच्या त्या कमानीने गाडीचे रूप बिघडते अशी ओरड पुष्कळ चाहत्यांनी तेव्हा केली होती. पुढे २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये रोमँ ग्रोजाँची गाडी लोखंडी कठडा फाडून आत घुसली, दुभंगली आणि पेटली. तरीही सुमारे २८ सेकंदांनी तो ज्वाळांतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला, तेव्हा ती ओरड कायमची थांबली. हुसेनसागराच्या काठी धावलेल्या प्रत्येक गाडीवर हीच कमान होती. तेथे टाळ्या वाजवणाऱ्या कित्येकांना तिचा इतिहास ठाऊक नसेल. पण दूरदेशीच्या मृत्यूंचे आणि ते न विसरलेल्या माणसांचे ऋण त्या दिवशी हैदराबादच्या रस्त्यावरून धावत होते.

आपल्या देशालाही अशा शोकाची रीत अपरिचित नाही. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नॉयडा येथे भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तिच्या आरंभी सगळे चालक एक मिनिट स्तब्ध उभे राहिले, कारण त्या महिन्यात अमेरिकेत लास वेगास येथे डॅन व्हेल्डन हा मोटारचालक आणि मलेशियात सेपांग येथे मार्को सिमोंचेली हा मोटारसायकलपटू शर्यतीत मृत्यू पावले होते. त्या स्तब्धतेत हजारो भारतीय प्रेक्षक सामील होते. स्वकीयांच्या बाबतीत मात्र आपली स्मृती तोकडी पडते. १८ मार्च २०१७ रोजी अश्विन सुंदर हा गुणी शर्यतपटू शर्यतीत नव्हे, चेन्नईच्या सामान्य रस्त्यावर, गाडी झाडावर आदळून पेटल्यामुळे पत्नीसह गेला. कुमारांच्या मृत्यूला सात महिने होतात न होतात तोच, ५ ऑगस्ट २०२३ रोजी, त्याच इरुंगाट्टुकोट्टईच्या मार्गावर श्रेयस हरीश हा बंगळुरूचा अवघ्या १३ वर्षांचा मोटारसायकलपटू शर्यतीच्या आरंभीच कोसळून डोक्याच्या दुखापतीने दगावला, आणि त्या सप्ताहअखेरच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. तेरा वर्षांचे मूल! त्याच्यासाठी हळहळणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारले पाहिजे की, कोणत्या वयात, कोणत्या शक्तीच्या यंत्रावर, किती स्पर्धकांच्या गर्दीत मुलाला उतरू द्यावे, याचा निर्णय आपण कोणाच्या भरवशावर सोडला आहे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो अगदीच हलका नाही. सैनिक देशासाठी मरतो, मजूर पोटासाठी धोका पत्करतो. शर्यतपटू स्वतःच्या हौसेने वेगाला सामोरा जातो, मग त्याच्यासाठी समाजाने का शोक करावा? याचे उत्तर दख्खनच्या गावोगावी उभ्या असलेल्या वीरगळांत मला सापडते. त्या शिलांवर खालच्या पट्टीत झुंज, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा कोरलेली असते. त्यांतले पुष्कळ वीर कोण्या साम्राज्यासाठी पडलेले नाहीत. गावची गुरे पळवणाऱ्यांचा पाठलाग करताना पडलेले ते अनामिक आहेत. ज्याचे धैर्य आपण डोळ्यांनी पाहिले त्याच्या मृत्यूची नोंद ठेवायची, एवढाच त्या गावांचा आग्रह होता. मनुष्याचे हात, डोळे आणि मन कोणत्या सीमेपर्यंत जाऊ शकतात हे शर्यतपटू आपल्याला दाखवतो, आणि ते पाहण्याचा आनंद ज्याने घेतला त्याच्यावर ती नोंद ठेवण्याची जबाबदारी येते.

शोकाची विपरीत रूपेही आहेत, आणि त्यांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. अपघाताची चित्रफीत पुनःपुन्हा पाहणे आणि दुसऱ्याला धाडणे ही श्रद्धांजली नव्हे. मृताच्या आईच्या दृष्टीने ती विटंबना आहे. त्याहून भयंकर प्रकार म्हणजे आवडत्या चालकाचे अनुकरण म्हणून मध्यरात्री मोकळ्या रस्त्यावर गाड्या पिटाळणे. हैदराबादच्या बाह्यवळण रस्त्याने किती तरुण घरांचे दिवे विझवले आहेत, हे या शहरातील आईबापांना सांगावे लागत नाही. शर्यतमार्गावर कठडे असतात, वैद्य आणि रुग्णवाहिका सज्ज असतात, निशाणे घेऊन मार्शल उभे असतात, सर्व गाड्या एकाच दिशेने धावतात. रस्त्यावर यांतले काही नसते. तेथे असते ती दूधवाल्याची सायकल आणि रात्रपाळीहून परतणारा कामगार. शर्यतपटूवर ज्याचे खरे प्रेम आहे त्याने रस्त्यावर सावकाश गाडी हाकावी.

म्हणून माझी विनंती शर्यतीच्या चाहत्यांनाच आहे, आणि हैदराबादला वेगाचा उत्सव एकदा पाहण्याचा मान मिळाला असल्यामुळे येथल्या चाहत्यांना विशेष. फुले वाहा, स्तब्ध उभे राहा, हेल्मेटाचे चित्र भिंतीवर लावा. यांतले काहीच अनाठायी नाही. पण चौकशी नेमली गेली की तिचा अहवाल मागा, तो जाहीर झाला की वाचा, आणि त्यातील शिफारशींची अंमलबजावणी पुढच्या मोसमात झाली की नाही ते तिकीट काढण्यापूर्वी विचारा. संयोजकांच्या दफ्तरात चालकाच्या सुरक्षेचा खर्च कोठे आणि किती मांडला आहे हे विचारण्याचा अधिकार ज्याच्या पैशावर आणि टाळीवर ही स्पर्धा उभी आहे त्या प्रेक्षकाला आहे. १९९४ नंतरच्या वीस वर्षांनी सिद्ध केले की, हट्टाने प्रश्न विचारणाऱ्या शोकाने माणसे वाचतात. कुमार आणि श्रेयस यांचे सुतक आपण पाळले असे म्हणायचे असेल, तर ते याच रीतीने पाळले पाहिजे.