गुलमर्ग : पाळणा चढतो, शरीर मागे राहते

परवा एक निवृत्त शिक्षक रक्तदाब तपासून घ्यायला दवाखान्यात आले. सोबत मुलगा होता. बापलेक जानेवारीत काश्मीरला निघाले आहेत. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, गुलमर्गला जाऊन अगदी वरपर्यंत गेलो नाही तर पैसे वाया! बाबांना नेऊ ना?" सर गप्प होते. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे.

गुलमर्गच्या डोंगराचे तीन मजले समजावेत. पहिला म्हणजे मैदान, उंची सुमारे 8,700 फूट. स्कीइंग शिकणाऱ्यांनी इथेच, सौम्य उतारावर सुरुवात करावी. गुडघे किंचित वाकवून, स्कीची पुढची टोके जवळ व मागची लांब ठेवून थांबता येणे, हा पहिला धडा. तो न शिकता वेग घेतला की गुडघ्याचे अस्थिबंध दुखावतात.

दुसरा मजला कोंगडोरी, सुमारे 10,000 फूट. हवे तिथे वळता आणि थांबता येणाऱ्यांसाठी हा आहे. तिसरा अफरवत. तिथे पाळणा सुमारे 13,000 फुटांवर सोडतो. तिथले उतार फक्त तरबेज लोकांचे. त्यांनीही हिमकडे कोसळण्याचा इशारा पाहून, जाणत्या वाटाड्यासहच उतरावे. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे हिमकड्याखाली सापडून एक रशियन स्कीपटू दगावला.

स्की न करणारेही पाळण्याने वर जातातच. पाळणा काही मिनिटांत चढतो. शरीराला मात्र उंचीची सवय व्हायला दिवस लागतात. 13,000 फुटांवर समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे साठ टक्केच प्राणवायू मिळतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही धोक्याची घंटा. बसल्याजागी धाप लागली किंवा छातीत दुखले तर ताबडतोब खाली उतरून डॉक्टर गाठावा. वर जाऊन मद्यपान नको. बर्फावर काळा चष्मा हवाच. मधुमेहींनी इन्सुलिन कोटाच्या आतल्या खिशात ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

सरांना मी सांगितले, "आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. त्यांनी हो म्हटले तरी पहिला दिवस मैदानातच काढा. बरे वाटले तर दुसऱ्या दिवशी कोंगडोरी. अफरवत नको."

सर मोकळे हसले आणि मुलाकडे वळून म्हणाले, "अरे, पहिलीतल्या पोराला मी कधी सातवीत बसवले नाही!"