विश्लेषण : घरच्या स्वयंपाकघरातून डबे विकायचे, तर कागद कोणते लागतात?

भडगाव हे गिरणाकाठचे तालुक्याचे गाव. बदलीवर आलेले शिक्षक, बँकांतले कर्मचारी, खोली घेऊन शिकणारी मुले आणि मुले शहरात गेल्यावर घरी उरलेले वयस्कर आई-वडील, अशा अनेकांना रोजचा घरगुती डबा हवा असतो. कळण्याची भाकरी, शेवभाजी, भरीत, वरण-बट्टी करणारे हातही घरोघरी आहेत. त्यामुळे शेजारच्या चार डब्यांपासून सुरू झालेले काम बघता बघता पंचवीस डब्यांवर जाते. अडचण तिथून पुढे येते. एखादे कार्यालय महिन्याचे बिल मागते आणि बिलावर अन्न नोंदणीचा क्रमांक नसतो. किंवा एखाद्या ग्राहकाचे पोट बिघडते आणि तक्रार थेट जळगावच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. तोवर हे काम ‘व्यवसाय’ आहे, हेच अनेक घरांत कुणाच्या ध्यानात आलेले नसते.

घरात रांधून विकणे हा ‘अन्न व्यवसाय’ ठरतो का?

ठरतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये संमत झाला आणि त्याखालची नोंदणी व परवान्याची नियमावली ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाली. कायद्याच्या व्याख्येत अन्न व्यवसाय नफ्यासाठी असो वा नसो, तो अन्न व्यवसायच असतो. दुकानाचा गाळा नाही, पाटी नाही, नोकर नाही, म्हणून सुटका होत नाही. उलट नोंदणीच्या अर्जात व्यवसायाचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत घरगुती खानावळ आणि डबेवाले यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे घरून डबे देणाऱ्यांचा विचार नियम करतानाच झालेला आहे.

नोंदणी घ्यायची की परवाना?

बोलताना सगळे ‘परवाना’ म्हणतात, पण लहान व्यावसायिकाला लागते ती नोंदणी. २०११ च्या नियमावलीने त्यासाठी वर्षाला १२ लाख रुपयांच्या उलाढालीची मर्यादा घातली आणि शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले. त्यावरच्या व्यवसायाला राज्याचा परवाना आणि फार मोठ्या व्यवसायाला केंद्राचा परवाना, अशी ही उतरंड आहे. मर्यादा आणि शुल्क वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी पोर्टलवर दिसणारा आकडाच धरावा.

१२ लाख म्हणजे नफा नव्हे, एकूण विक्री. ६० रुपयांचा एक डबा आणि महिन्याला २६ दिवस काम धरले, तर रोज साधारण ६४ डबे गेल्यावर ही रेषा येते. एका घरातल्या दोन शेगड्यांवर चालणारे काम बहुधा तिच्या खालीच राहते. मात्र लग्न, साखरपुडा, उत्तरकार्य अशा कार्यांच्या जेवणाची कंत्राटे घेणे हा केटरिंगचा वेगळा प्रकार आहे. तसे काम घ्यायचे असेल, तर त्याला काय लागेल हे अर्जापूर्वी विचारून घ्यावे.

अर्ज कसा करायचा?

अर्ज ‘फॉसकॉस’ या केंद्रीय पोर्टलवर होतो. २०२० मध्ये या पोर्टलने जुन्या ऑनलाइन व्यवस्थेची जागा घेतली. नोंदणीसाठी ‘नमुना अ’ भरायचा असतो. छायाचित्र, ओळखपत्र आणि स्वयंपाकघर जिथे आहे त्या जागेचा पत्ता ही त्यातली मुख्य माहिती. घर भाड्याचे असेल, तर घरमालकाची लेखी संमती आधीच घेऊन ठेवलेली बरी. मोबाइलवरून अर्ज जमत नसेल, तर सामायिक सेवा केंद्रातून भरता येतो. केंद्रचालकाचे पैसे आणि सरकारी शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी शुल्काची पावती मागून घ्यावी.

२०११ च्या नियमावलीनुसार अर्ज मिळाल्यापासून ७ दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यावी, कारण लिहून नाकारावी किंवा तपासणीची सूचना द्यावी, असे अपेक्षित आहे. तपासणी ठरली, तर ३० दिवसांत निर्णय व्हायला हवा. मिळणारा क्रमांक १४ अंकी असतो. तो नोंदणीचा असेल तर २ ने सुरू होतो आणि परवान्याचा असेल तर १ ने. प्रमाणपत्र स्वयंपाकघरात दिसेल असे लावायचे. १ जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक बिलावर आणि पावतीवर छापणेही बंधनकारक आहे. कार्यालये बिल घेताना तो शोधतात, ते यामुळेच.

आणखी कोणते कागद लागतात?

दहापेक्षा कमी कामगार असतील, तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे आणि बँकेत उपयोगी पडते. दुर्लक्षित राहणारी बाब आहे गॅसची. १४.२ किलोचे घरगुती सिलिंडर केवळ घरच्या स्वयंपाकासाठी असते. विक्रीच्या स्वयंपाकाला १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर घ्यावे लागते. हा खर्च सुरुवातीपासून हिशेबात धरला नाही, तर डब्याचा दरच चुकतो.

नोंदणी मिळाली म्हणजे जबाबदारी संपली का?

नाही. खरे काम तिथून सुरू होते. नियमावलीच्या परिशिष्ट ४ मध्ये स्वच्छतेचे निकष आहेत : पिण्यायोग्य पाणी, झाकलेला कचरा, कच्चे आणि शिजवलेले अन्न वेगळे, अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी. विषमज्वरासारख्या रोगांवरील लसीचाही त्यात समावेश आहे. भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळून देण्याची सवय मात्र सोडावी लागेल. छपाईच्या शाईमुळे अन्न वर्तमानपत्रात बांधायला बंदी आहे. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा वापरण्यावरही १ जुलै २०१८ पासून मर्यादा आहे.

खान्देशात सगळ्यांत मोठा प्रश्न तापमानाचा आहे. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, असा नियम आहे. मधल्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. एप्रिल-मे महिन्यांत भडगावात पारा ४० अंशांच्या वर जातो, म्हणजे उघड्यावरची हवाच त्या धोक्याच्या पट्ट्यात असते. सकाळी नऊला भरलेला डबा दीड वाजता उघडला जातो, तेव्हा आतला भात आणि वरण साडेचार तास कोमट राहिलेले असतात. उपाय साधे आहेत. डबा जेवणाच्या वेळेच्या जवळ भरावा, भात शेवटी लावावा, दही-ताक वेगळे आणि थंड द्यावे, शेवभाजीची शेव व रस्सा वेगळे बांधावेत. कालचे उरलेले आजच्या डब्यात घालू नये. दूरच्या गावचे डबे घेण्यापूर्वी पोहोचायला लागणारा वेळ मोजावा.

निष्काळजीपणाची किंमत कायद्यात लिहिलेली आहे. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार केल्यास कलम ५६ नुसार १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अन्नामुळे ग्राहकाला इजा झाली, तर कलम ६५ खाली भरपाई द्यावी लागते आणि मृत्यू झाल्यास ती किमान ५ लाख रुपये असते.

दर कसा ठरवायचा?

समजा, रोज २५ डबे, प्रत्येकी ६० रुपये, महिन्याला २६ दिवस. विक्री झाली ३९ हजार. किराणा-भाजीला डब्यामागे ३० रुपये धरले, तर १९ हजार ५०० गेले. गॅसला ४ हजार आणि पोहोचवण्याला ३ हजार धरले, तर हाती १२ हजार ५०० उरतात. दिवसाचे सहा तास काम पकडले, तर ताशी ८० रुपये. हे आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येकीने आपल्या गावचे भाव त्यात घालावेत. पण यातून दिसणारी गोष्ट खरी आहे : पाच ग्राहकांनी महिन्याचे पैसे थकवले, तर ७ हजार ८०० रुपये अडकतात आणि हाती ४ हजार ७०० राहतात. म्हणजे पाच जणांची उधारी कमाईचा निम्म्याहून मोठा भाग खाते. ओळखीच्या गावात पैसे मागणे अवघड जाते, म्हणून निम्मे पैसे आगाऊ घेण्याची पद्धत पहिल्या महिन्यापासूनच ठेवावी. स्वतःच्या कष्टाची मजुरीही खर्चाच्या रकान्यात लिहावी. ती लिहिली नाही, तर तोट्यातला डबाही नफ्यातला वाटतो.

भांडवल कुठून येईल?

मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज मिळू शकते. पापड, बिबडे, मसाले, केळीचे वेफर्स अशा प्रक्रिया उद्योगाकडे वळायचे असेल, तर २०२० मध्ये सुरू झालेली केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना आहे. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेले अनुदान आहे आणि जळगाव जिल्ह्यासाठी केळी हे उत्पादन निवडलेले आहे.

कर्ज आणि कागद यांचा संबंध महाराष्ट्रातल्या खानावळवाल्यांनी फार पूर्वी अनुभवला आहे. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगारांना जेवू घालणाऱ्या महिला वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर काम करत होत्या. बँकेच्या लेखी त्या व्यावसायिक नव्हत्याच. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, या महिलांना संघटित केले आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. भडगावातल्या घरगुती डब्यांच्या कामाला आज तशी ओळख अन्न नोंदणी, उद्यम क्रमांक आणि बँक खात्यातून जाणारा महिन्याचा हिशेब यांतून मिळू शकते. त्यामुळे डब्याचे पैसे शक्यतो स्वतःच्या नावावरच्या खात्यात घ्यावेत आणि वही पहिल्या दिवसापासून लिहावी. शंका असल्यास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००२२२३६५ हा निःशुल्क क्रमांक आहे.