एका चित्रपटाने सुचविलेली गीते

चित्रपटातील गीते आपणां सर्वांच्या परिचयाची; परंतु चित्रपट पाहून मागाहून गायिलेल्या गीतांचा संग्रह हा प्रकार निराळा. आल्फोन्सो क्वारोन यांच्या ‘रोमा’ (२०१८) या चित्रपटास स्वतंत्र पार्श्वसंगीत नाही. १९७०-७१ च्या सुमारास मेक्सिको शहरातील एका कुटुंबात राबणारी मोलकरीण ही त्याची नायिका. फरशीवर ओतलेल्या पाण्याचा आवाज, धार लावणाऱ्याची शिटी, हेच त्यातील संगीत. २०१९ साली या चित्रपटावरून पॅटी स्मिथ, बेक, बिली आयलिश आदी पॉप व रॉक गायकांच्या गीतांचा संग्रह निघाला. काही गीते नवी, तर काही जुनीच नव्याने गायिलेली. जिच्या श्रमांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, अशा स्त्रीच्या कथेने गायकांना गावयास लावले. विद्यार्थिमित्रांनो, आपल्याही घरी राबणाऱ्या हातांचा नाद आपण ऐकावयास शिकले पाहिजे.