माइकपासून एक वीत

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगावचा महागणपती मागे टाकला की औद्योगिक वसाहतीला लागून कारेगाव येतं. एलजी, व्हर्लपूल, फियाट अशा कारखान्यांमुळे इथं भाड्याच्या खोल्यांची दाटी झाली. खोलीचं माप बहुधा ठरलेलं: दहा बाय दहा. वर पत्रा किंवा स्लॅब, बाहेर कंटेनरची ये-जा आणि तीन पाळ्यांमुळे रात्रीही न थांबणारी वर्दळ. अशाच खोलीत आज गाण्यांचे ट्रॅक तयार होतात. मोबाइल, दोन-तीन हजारांचा माइक आणि फुकटचं सॉफ्टवेअर एवढ्या भांडवलावर गावोगावची पोरं भीमगीतं, गवळणी, लावण्या, रॅप मुद्रित करतात.

त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: माइक कोणता घ्यावा? भारतातल्या ध्वनिमुद्रणाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला, तर आधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळा निघतो. माइक कुठं ठेवायचा? गाणाऱ्यापासून किती लांब, भिंतीपासून किती लांब, ढोलकीपासून किती लांब? यंत्रं बदलत गेली. अंतराचा हिशेब मात्र प्रत्येक पिढीला नव्यानं शिकावा लागला.

कर्ण्यासमोरचे दिवस

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायझबर्ग कोलकात्यात उतरला आणि त्यानं हॉटेलच्या खोलीत आपलं सामान मांडलं. त्यात माइक नव्हता, वीजही नव्हती. एक मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड तबकडी. आवाजाच्या जोरावर सुई हलायची आणि मेणात चरी पडायची. गायिका गौहरजानचं गाणं असंच उतरलं.

सगळी ताकद गळ्यातूनच यायची, म्हणून कर्ण्यात जवळजवळ तोंड घालून गावं लागे. तार सप्तकात आवाज चढला की सुई उसळे, तेव्हा गाणाऱ्यानं मागं व्हायचं. तबला-सारंगीची जागाही ऐकून ठरायची. साज जवळ आला तर गाणं बुडे, लांब गेला तर तोच नाहीसा होई. तंबोऱ्याचा बारीक झंकार तर चरीत उतरणंच कठीण. साधारण अडीच हजार हर्ट्झच्या वरचे सूर कर्ण्याच्या हाती फारसे लागत नसत. एका बाजूला तीनेक मिनिटं मिळत, आणि चूक झाली तर मेण खरवडून पुन्हा पहिल्यापासून.

१९२५मध्ये विजेवरचं मुद्रण आलं आणि गळ्यावरचा ताण उतरला. मंद स्वर, श्वास, कुजबुज टिपता येऊ लागली. अंतराची अडचण मात्र मिटली नाही, उलट नाजूक झाली. कर्ण्याला जे ऐकूच येत नव्हतं ते माइकला ऐकू येऊ लागलं. खुर्चीची करकर, पंख्याची घरघर, समोरच्या भिंतीवरून परतलेला आवाज, सारंच.

प्रभात आणि राजकमल

मराठी बोलपटाची सुरुवात १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’पासून होते. तो काढणारी, कोल्हापुरात १९२९ साली उभी राहिलेली प्रभात फिल्म कंपनी पुढं १९३३मध्ये पुण्याला आली. दिग्दर्शन व्ही. शांताराम म्हणजेच शांतारामबापूंकडं, कॅमेरा धायबरांकडं, कला फत्तेलालांकडं आणि ध्वनी दामलेमामांकडं, अशी कामाची वाटणी होती. फत्तेलालांसह ‘संत तुकाराम’ (१९३६) दिग्दर्शित करणारे विष्णुपंत दामले मराठीतले पहिल्या फळीचे ध्वनिमुद्रक होते, हे सहसा विसरलं जातं.

सुरुवातीला नट कॅमेऱ्यासमोर गात, वाजवणारे चौकटीबाहेर दडून साथ करत आणि सगळ्यांचा आवाज एकाच वेळी फिल्मवर उतरे. माइक चित्रात दिसता कामा नये, आणि नट फार लांब गेला तर शब्द हरवणार. नटानं कुठं उभं राहायचं, केव्हा वळायचं, यात ध्वनिमुद्रकाचाही शब्द चाले. पार्श्वगायन आल्यावर गाणं आधी मुद्रित होऊ लागलं आणि कॅमेऱ्याची ही अट सुटली.

शांतारामबापूंनी १९४२ साली मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभारलं. तिथं मंगेश देसाई नावाच्या मराठी ध्वनिमुद्रकानं चित्रपटांच्या अंतिम मिक्सिंगचा मानदंड घालून दिला. ‘शोले’च्या मिक्सिंगवर त्यांचं नाव आहे. सत्यजित राय आपल्या चित्रपटांच्या मिक्सिंगसाठी कोलकात्याहून त्यांच्याकडं येत. संवाद, गाणं, पावलांचा आवाज आणि पाऊस हे सगळं एका पट्टीवर आणताना कोणता आवाज प्रेक्षकाच्या जवळ असावा आणि कोणता लांब, हे ठरवणं म्हणजे मिक्सिंग. आजचा मुलगा स्क्रीनवरच्या पट्ट्या वरखाली करतो, तेव्हा तो हाच निर्णय घेत असतो, भलेही त्याला ते ठाऊक नसेल.

जातं आणि गळा

स्टुडिओबाहेरचं मुद्रण म्हणजे वेगळी परीक्षा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातल्या निवडक ओव्यांचं ध्वनिमुद्रण संगणक आणि संगीत या दोन्ही क्षेत्रांत वावरणाऱ्या बर्नार्ड बेल यांनी १९९०च्या दशकात डिजिटल टेपवर केलं. सुमारे १२० तासांचं हे मुद्रण पुढं ‘पारी’ या संकेतस्थळाच्या ओवी प्रकल्पातून लोकांपुढं आलं. शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांच्या ओव्याही या संग्रहात आहेत.

मुद्रणाच्या अंगानं हा प्रसंग पाहण्यासारखा आहे. जातं जमिनीवर, त्याची घरघर अखंड आणि खालच्या सुराची. गाणाऱ्या दोघी समोरासमोर, मान खाली, अंग पुढं-मागं झुलतंय, म्हणजे तोंड आणि माइक यांतलं अंतर प्रत्येक फेऱ्याला बदलणार. माइक जमिनीजवळ ठेवला तर दगड ऐकू येईल, ओवी नाही. जातं बंद करून गायला लावलं तर शब्द स्वच्छ मिळतील, पण ज्या लयीवर ओवी तोलली आहे तीच जाईल. माइक तोंडाच्या पातळीवर, जात्याकडं पाठ करून धरला तर दोन्ही मिळतात आणि गळा पुढं राहतो. एका दिशेचंच जास्त ऐकणाऱ्या माइकचा खरा उपयोग असा. त्याला कुठं वळवलं याइतकंच त्याची पाठ कुणाकडं केली यालाही महत्त्व आहे.

वीतभराचं गणित

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलनं उतरते. खोलीतून परतणारा आवाज मात्र सगळीकडं जवळपास सारखाच भरलेला असतो. म्हणून माइक लांब नेला की गळा कमी होतो, खोली कमी होत नाही, आणि गाणं बाथरूममध्ये म्हटल्यासारखं येतं. जवळ आणला की खोली मागं हटते. पण फार जवळ गेलं तर दिशादर्शी माइक खालचे सूर फुगवतो आणि आवाज घोगरा, जड होतो. या दोन टोकांमधली सोयीची सुरुवात म्हणजे एक वीत.

मराठी गाणाऱ्याला आणखी एक अडचण आहे. ‘भ’, ‘फ’, ‘ध’ यांसारख्या महाप्राण अक्षरांबरोबर हवेचा झोत सुटतो आणि माइकवर थाडकन आदळतो. भवानीपासून भीमरायापर्यंत आपली कितीतरी गाणी ‘भ’नं सुरू होतात. भरतकामाच्या रिंगवर पातळ कापड ताणून मध्ये धरावं आणि माइक तोंडासमोर सरळ न ठेवता जरा तिरका ठेवावा, झोत बाजूनं निघून जातो.

गळा कसा घडलाय यावरही वीत बदलते. शिरूर तालुक्यातल्याच कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर यांनी तमाशा फडांसाठी गाणी आणि वगनाट्यं लिहिली. राज्य शासनाच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराचे ते मानकरी. फडाच्या गाण्यात तयार झालेला गळा कनातीच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला शिकलेला असतो. त्याला वीतभरावर आणून ‘हळू गा’ म्हणणं म्हणजे गाणंच मारणं. तिथं माइक हातभर मागं घ्यावा, गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) कमी करावा आणि खोलीचा बंदोबस्त आधी करावा.

अंड्यांचे ट्रे आणि गोधड्या

खोलीचा बंदोबस्त म्हटलं की भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले जातात. त्यांनी रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज तसूभरही अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. जाड वीट, भरीव दार, चौकटीला रबराची पट्टी. खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषून घेणं हे निराळं काम, आणि त्याला जाडी लागते. १००० हर्ट्झची लाट सुमारे ३४ सेंटिमीटर लांब असते, १०० हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर. जुन्या गोधड्या, कापसाच्या गाद्या भिंतीपासून चार बोटं सोडून टांगल्या तर वरच्या आणि मधल्या सुरांचा घुमारा छान मरतो. खालच्या सुरांना त्या पुरत नाहीत.

इथंच दहा बाय दहाची खोड उघडी पडते. दहा फूट अंतराच्या दोन समांतर भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो, त्याची दुप्पट ११२ हर्ट्झही. खोली चौरस असल्यानं लांबी आणि रुंदी दोन्हीकडून तेच सूर उचलले जातात. छतही दहा फुटांवर असेल तर तिहेरी. ११२च्या आसपास ढोलकीचा घुमारा आणि पुरुषाच्या गळ्याचा खर्ज दोन्ही येतात, म्हणून तिथला ट्रॅक खोलीत भरदार वाटतो आणि बाहेर टेम्पोच्या स्पीकरवर पोकळ निघतो. उपाय फुकटचा आहे. माइक खोलीच्या मधोमध किंवा कोपऱ्यात न ठेवता भिंतीपासून साधारण तीन-चार फुटांवर, दोन्ही बाजूंना असमान अंतर राखून ठेवायचा. गाणाऱ्याच्या पाठीमागं गादी टांगायची, कारण माइक त्याच दिशेला पाहत असतो.

विजेचाही बंदोबस्त हवा. आपली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट नसेल तर तीच घूं करत मुद्रणात शिरते. तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमधून आवाजाच्या दोन उलट प्रती जातात. वाटेत दोघींवर सारखाच चढलेला गोंगाट शेवटी वजाबाकीत जातो. मोबाइलचा चार्जर काढून टाकणं हा त्याहून स्वस्त उपाय.

शून्याच्या खाली

कॉम्प्युटरमध्ये शिरल्यावर आणखी एक अंतर सांभाळावं लागतं. डिजिटल मीटरवर शून्य म्हणजे छत. त्यावर जागाच नाही, टेकलं की आवाज फाटतो आणि नंतर तो सांधता येत नाही. १९८२ साली आलेल्या सीडीनं सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट हे माप रूढ केलं. एका बिटमागं सुमारे ६ डेसिबल धरले तर १६ बिटमध्ये ९६ डेसिबलचा वाव मिळतो, २४ बिटमध्ये १४४चा. एवढी जागा हाताशी असताना आवाज छताला चिकटवायचं कारण नाही. २४ बिटवर मुद्रण करावं आणि सर्वांत जोरातली तान उणे १२ ते उणे ६ दरम्यान राहील एवढाच गेन ठेवावा. तालमीत गायक दबून गातो आणि टेकला उसळतो, ही खबरदारी त्या उसळीसाठी.

शिकायचं कुठं

प्रभातच्या त्याच जागेत १९६०पासून पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. तिथला ध्वनीचा अभ्यासक्रम देशात नावाजलेला, ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी तिथलेच. तिथला प्रवेश मोजक्यांना मिळतो. कारेगावच्या मुलाला सुरुवात करायला तेवढं थांबायची गरज नाही. गावातल्या सप्ताहात भजनी मंडळ बसतं, तेच त्याचं शिक्षण.

एकच माइक न्यावा. पखवाज, पेटी, वीसेक टाळ आणि पुढं गाणारे बुवा. टाळ इतके तिखट असतात की ते जवळ आले तर बाकी काही उरत नाही. त्यांना मागं बसवावं, पखवाज बाजूला, पेटी जरा पुढं, बुवा माइकसमोर. ध्वनिमुद्रण करावं, ऐकावं, माणसं हलवावी, पुन्हा करावं. सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही, इक्वलायझर नाही, रिव्हर्ब नाही. चार भजनांत कळतं की टाळकरी दोन हात मागं सरकल्यावर जे साधतं ते नंतर कोणत्याही प्लगइननं साधत नाही, कारण एका माइकवर एकत्र उतरलेले आवाज पुन्हा सुटे करणं अवघड. हे ज्याला जमलं त्याला आठ ट्रॅकचा इंटरफेस मिळाला तर तो आठ निर्णय घेईल. ज्याला जमलं नाही तो आठ चुका करेल आणि मिक्सिंगमध्ये त्या झाकत बसेल.

नवा माइक घ्यायला पैसे साठवणाऱ्या पोरानं म्हणून आधी मोजपट्टी घ्यावी. प्रत्येक टेकचं अंतर वहीत लिहावं: तोंड ते माइक, माइक ते भिंत, माइक ते ढोलकी. वही भरेपर्यंत कान तयार होतो, आणि महागडा माइक खरोखर हवा आहे का, याचं उत्तरही त्याच वहीत मिळतं.