बर्फावर तासन् तास बसायचे, तर बूट कसा हवा?

अमेरिकेतील मिनेसोटा, कॅनडातील ऑन्टारिओ किंवा फिनलंड येथे तळी गोठली की मासेमारीचा दुसरा हंगाम सुरू होतो. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचे, त्यातून गळ सोडायचा आणि मासा लागेपर्यंत बसून राहायचे, असा हा ‘आइस फिशिंग’चा छंद. मिनेसोटातील मिल लॅक्स आणि टोरांटोच्या उत्तरेकडील सिमको या तळ्यांवर हिवाळ्यात मासेमारांच्या खोपट्यांची वस्तीच उभी राहते. नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मराठी मंडळींनाही एखाद्या सहकाऱ्याकडून असे आमंत्रण येऊ शकते. बर्फ पुरेसा जाड आहे ना, हे तेथे सगळेच तपासतात. बुटांचा विचार मात्र अनेकदा खोक्यावरचा ‘उणे ४०’ हा आकडा पाहून संपतो. पायाची बोटे गमावण्याचा धोका नेमका तेथेच असतो.

बूट उष्णता देत नाही

साधा बूट स्वतः गरम नसतो. शरीराने पायापर्यंत पाठवलेली उष्णता तो धरून ठेवतो, एवढेच. भरभर चालताना शरीर बसलेल्या अवस्थेपेक्षा तीन-चार पट उष्णता तयार करते. माणूस बसला की ही भट्टी मंदावते. शरीर गार पडू लागले की मेंदू आणि हृदय वाचवण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. पायाला मिळणारे गरम रक्त कमी होते, आणि मग उत्तम बुटालाही धरून ठेवायला फारसे काही उरत नाही. म्हणूनच डोके, मान आणि छाती उबदार ठेवणे हा पाय उबदार ठेवण्याचाच एक भाग आहे.

दुसरी अडचण खालून येते. ऊब टिकते ती अस्तरातील धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. पायाच्या वरच्या बाजूचे अस्तर फुगलेले राहते, पण तळव्याखालचे अस्तर शरीराच्या वजनाने दबते आणि त्यातील हवा निघून जाते. त्याच्याखाली थेट बर्फ असतो. त्यामुळे दुकानात बुटाच्या वरची मऊ लोकर पाहण्यापेक्षा सोल किती जाड आहे आणि आत सहज न दबणारा फेल्टचा किंवा फोमचा थर आहे का, हे आधी पाहावे.

आकड्यांचा अर्थ

हिवाळी बुटांवर लिहिलेले तापमान बहुधा उत्पादकाने स्वतः ठरवलेले असते. सर्वांना बंधनकारक असा एक नियम त्यासाठी नाही. शिवाय तो आकडा बहुतेक वेळा चालत्या माणसाला गृहीत धरतो. कामगारांच्या सुरक्षा बुटांसाठी युरोपात ‘सीआय’ ही खूण प्रमाणित आहे. तिच्या चाचणीत बूट उणे १७ अंशांच्या थंडीत अर्धा तास ठेवतात आणि आतले तापमान १० अंशांपेक्षा जास्त उतरू नये, अशी अट असते. चाचणी अर्ध्या तासाची आणि मासेमारी चार-पाच तासांची, हा फरक ध्यानात घ्यायला हवा. ‘४०० ग्रॅम’, ‘८०० ग्रॅम’ हे आकडेही बुटाचे वजन सांगत नाहीत. ते अस्तराचे दर चौरस मीटरमागचे वजन असते. एकाच प्रकारच्या अस्तराची तुलना करतानाच ते उपयोगी पडतात.

घाम हाच खरा शत्रू

१९५०च्या हिवाळ्यात कोरियातील चोसिन जलाशयाच्या लढाईत अमेरिकी सैनिकांच्या पायांत खाली रबर आणि वर चामडे असलेले बूट होते. चालताना पाय घामाने भिजत, थांबले की तोच घाम गोठे. अनेकांना हिमदंश झाला. त्यानंतर अमेरिकी सैन्याने लोकरीचे अस्तर रबराच्या दोन थरांमध्ये पूर्ण बंद केलेले बूट वापरात आणले. त्यात मोजा भिजला तरी अस्तर कोरडे राहते. या बुटांची पांढरी, अतिथंडीसाठीची आवृत्ती अलास्कात आजही लोकप्रिय आहे.

मासेमारासमोरचा प्रश्नही तोच आहे. सामानाची घसरगाडी ओढत तळ्याच्या मध्यापर्यंत जाताना पायांना घाम येतो आणि नंतर बैठक सुरू होते. पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून जागेवर पोहोचताच मोजे बदलणे फार मोलाचे. भोकाभोवती साचणाऱ्या पाण्यासाठी बुटाचा खालचा भाग रबरी असावा. आतले फेल्टचे अस्तर बाहेर काढता येणारे असावे, म्हणजे रोज रात्री ते वाळवता येते.

सुती मोजे टाळावेत, कारण ओला कापूस पायाला चिकटून राहतो. आत पातळ कृत्रिम धाग्याचा आणि वर जाड लोकरीचा मोजा पुरतो. घट्ट बुटात तिसरा मोजा कोंबला तर रक्तप्रवाह अडतो आणि पाय अधिकच गारठतात. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, तेच मोजे घालून घ्यावा. आत बोटे मोकळेपणी हलली पाहिजेत.

ऊब आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोरांटोतील ‘काइट’ संशोधन संस्थेत माणसांना बर्फाच्या उतारावर चालवून बुटांची पकड तपासतात. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या निकालांत बहुतेक बूट सात अंशांच्या उताराची किमान कसोटीही पार करू शकले नव्हते. गुळगुळीत बर्फावर बुटाखाली बांधायचे धातूचे काटे जवळ असलेले बरे.

दुखणे थांबले तर सावध

थंडीने बोटे दुखतात तोवर ती इशारा देत असतात. दुखणे थांबून बधिरपणा आला, त्वचा मेणासारखी आणि कडक लागू लागली, तर तो हिमदंश असू शकतो. सावळ्या त्वचेवर रंगातील बदल पटकन दिसत नाही, त्यामुळे हाताने चाचपून पाहावे. पाय चोळू नयेत, शेकोटीजवळ धरू नयेत. पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तरच ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवावेत आणि डॉक्टरांकडे जावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना हा इशारा मिळतच नाही. गरम पाकिटांनी भाजले तरी त्यांना कळत नाही. त्यांनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी विशेष जपावे.

गोठलेल्या झंस्कार नदीवरून होणाऱ्या लडाखच्या ‘चादर’ ट्रेकलाही हेच नियम लागू होतात. गमबूट पाणी अडवतो, थंडी नाही. चालताना ऊबदार वाटलेले पाय मुक्कामाला पोहोचल्यावर गारठतात, म्हणून कोरड्या मोज्यांची एक जोडी वेगळी राखावी.

कितीही महागडा बूट घेतला तरी बसताना पायांखाली लाकडी फळी किंवा फोमची चटई ठेवावी. बर्फ आणि तळवा यांच्यात अंतर पाडण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. बोटे बधिर वाटू लागली, तर गळाला मासा लागायची वाट न पाहता खोपट्यात परतावे.