आजोबांचे कार्टून
‘मामंजी नातवाबरोबर कार्टून पाहत बसतात, म्हातारचळ तर नव्हे?’ अशी शंका धाराशिवकडे दवाखान्यात कानी येते. केवळ तेवढ्यावरून तसे मानू नये. १९९३ मध्ये दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागे, तेव्हा हिंदीतील शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता; तो ऐकायला मोठी माणसेही थबकत. अशा मालिकांत भाग छोटा, पात्रे मोजकी, बोलणे ठसठशीत. मंदावलेल्या कानांना, थकलेल्या स्मरणाला ते पेलते. बातम्यांतील गलका पेलत नाही. शिवाय पंचतंत्रातील करटक-दमनक ऐकत वाढलेल्यांना बोलणारे प्राणी परके कसे वाटावेत? मात्र ते घरच्यांची नावे किंवा नेहमीची वाट विसरू लागले, तर तपासणी लांबवू नये. एरवी आवाज माफक ठेवावा, आणि भाग संपल्यावर थोडे चालवून आणावे.