सवलत नव्हे, हक्क

वर्धा जिल्ह्याची दहावी-बारावी राज्य मंडळाच्या नागपूर विभागात येते. दिव्यांग विद्यार्थ्याला जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17मध्येच आहे. ही शाळेची मेहेरबानी नव्हे. केंद्राच्या 2018च्या सूचनांनी भरपाईचा वेळ तासाला किमान 20 मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास ठरवला. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमताही कायद्यातल्या 21 प्रकारांत मोडते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मुलावर ‘आळशी’ असा शिक्का बसतो. लेखनिकासाठी 40 टक्के दिव्यांगत्वाची अट सरसकट लावता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021मध्ये विकास कुमार खटल्यात स्पष्ट केले.

भाषेचे दुखणे वेगळेच. घरी कोलामी बोलणारे मूल शाळेत मराठी प्रश्नपत्रिका सोडवते. मुलांचे शिकणे मोजणारे 2021चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण 22 भाषांत झाले. त्यांत कोलामी नव्हती, गोंडीही नव्हती. आणि सात वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून द्या, हा ठराव 1937 साली झाला तो याच वर्ध्यात!

पालकांनो, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची धावपळ दहावीच्या अर्जापर्यंत लांबवू नका; नववीतच मुख्याध्यापकांना भेटा.